जर्मनचा पत्रा

मिस्त्री, तुम्हाला सांगून पटलं नसतं, पण आता पिकअप गाड्या जर्मनच्या पत्र्याच्या यायला लागल्या आहेत. अमेरिकेतल्या, आपल्या टेम्पोला शेजारी उभं केलं तर खेळणं वाटेल अशा दांडग्या गाड्या. खालचा सांगाडा अजून पोलादाचाच आहे, तेवढं नीट सांगायला हवं. पण वरचं सगळं अंग, केबिन, दारं, बॉनेट, मागचा हौदा, सगळं ॲल्युमिनियम. तुम्ही त्याला जर्मनच म्हणायचात, आपल्याकडे भांड्यांना म्हणतात तसं. दुकानामागच्या तुमच्या स्वयंपाकघरात एक जर्मनचं पातेलं होतं, दुधाचं. त्याच्या एका कडेला एवढा मोठा पोचा होता की दूध ओतताना धार नेहमी डावीकडे जायची. मी एकदा म्हटलं, मिस्त्री, दोन ठोके घालतो, सरळ होईल. तुम्ही भाकरी मोडता मोडता म्हणालात, "ते जर्मन हाय. त्याचा नि माझा संबंध न्हाई." काकू चुलीपाशी बसल्या होत्या. त्या तुमच्याकडे न बघता मला म्हणाल्या, "गावाच्या गाड्या सरळ करत्यात, पातेल्याचं नाव काढलं की संबंध तुटतोय बघ यांचा." तुम्ही हसलात आणि खर्डा मागितलात. पातेलं मी सोडलं त्या दिवसापर्यंत तसंच होतं.

मी आता आयर्लंडमध्ये असतो. बायकोला शॅननच्या एका कारखान्यात नोकरी लागली, हृदयाच्या नळ्यांत घालायची बारीक यंत्रं तिथे करतात, आणि मी तिच्यामागोमाग आलो. पहिलं वर्ष मी घरी बसून होतो. मुलीला शाळेत सोडायचं, आणायचं, डबे घासायचे. मग एनिस नावाच्या गावाबाहेर एक जुनी शेड भाड्यानं मिळाली. मागे मेंढ्यांचं कुरण, पुढे रस्ता, आणि वर्षातले बरेचसे दिवस पाऊस. तुम्हाला इथला पत्रा बघून रडू आलं असतं. पश्चिमेकडून खारा वारा येतो, हिवाळ्यात बर्फ होऊ नये म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात, आणि इथले शेतकरी त्याच पिकअपमधून मेंढ्याही नेतात आणि देवळालाही जातात. पाच-सात वर्षांत चाकावरच्या कमानी कागदासारख्या होतात, बोट घातलं की आरपार. मी कापतो, नवा पत्रा घडवतो, जोडतो. या गंजानं मला या गावात उभं केलं. बायको म्हणते, तुझ्या दुकानाला गंजाच्या नावाचं देऊळ बांधायला हवं. मुलगी आता पंधरा वर्षांची आहे. मराठी सगळं कळतं तिला, उत्तर मात्र इथल्या हेलातल्या इंग्रजीत येतं. मी काहीही विचारलं की "इट्स ग्रँड, बाबा." ग्रँड म्हणजे इथे ठीक, बरं, चाललंय, सोड, असं सगळंच. मीही आता तेच म्हणतो.

तुमचं दुकान मला अजून जसंच्या तसं दिसतं. उद्यमनगरात लेथवाल्यांच्या ओळीच्या शेवटी, वरती सिमेंटचे पत्रे, आणि दारात कार्बाइडच्या गॅसची टाकी, जिचा वास शर्टातून दुसऱ्या धुण्यालाही जायचा नाही. मी एकवीस वर्षांचा, बी.एस्सी. अर्धवट सोडलेला. तुम्ही मला ठेवून घेतलंत तेव्हा एवढंच म्हणालात, "मला शिकवाय येत न्हाई. उभा ऱ्हा नि बघ." मी उभा राहिलो. सहा वर्षं. पत्रा ठोकर खातो तेव्हा तो ताणला जातो, जागेपेक्षा पत्रा जास्त होतो, मग तेलाच्या डब्याच्या झाकणासारखा आतबाहेर डबडब करत राहतो, हे तुम्ही कधी शब्दांत सांगितलं नाहीत. तुम्ही फक्त तळहात फिरवायचात आणि एका जागी थांबायचात. मग गॅसची बारीक ज्योत. रुपयाएवढा ठिपका तापतो, आधी जांभळा, मग निळा, मग लाल. लाल झाला की तुमची हातोडी त्याच्याभोवती गोल फिरते, मागे डाव्या हातात डॉली, म्हणजे पत्र्यामागे धरायचा तो लोखंडी ठोकळा, आणि लगेच ओलं फडकं, चर्र. जादा पत्रा त्या ठिपक्यात गोळा होऊन बसतो. तुम्ही पुन्हा तळहात फिरवता. डोळे बंद असतात. मी विचारतो, झालं? तुम्ही म्हणता, "मला काय विचारतोस, पत्र्याला विचार."

जर्मनच्या पत्र्याची गाडी तुमच्या दारात मी एकदाच बघितली. एका साखर कारखान्याची जुनी, चौकोनी, इंग्रजी जीप होती ती. तिचं मडगार्ड चेपलं होतं. ड्रायव्हर म्हणाला, साहेबांनी तुमच्याकडेच न्यायला सांगितलंय. तुम्ही नख मारून आवाज ऐकलात, चुंबक लावून बघितला, तो खाली पडला, आणि तुम्ही सरळ म्हणालात, "हे मला येत न्हाई." ड्रायव्हर हसला. "मिस्त्री, तुम्हाला येत न्हाई असं काय हाय कोल्हापुरात?" तुम्ही म्हणालात, "हे हाय की. तापवलं तर हे सांगत न्हाई कवा तापलं ते. लाल हुत न्हाई. गप बसतंय नि एकदम खाली पडतंय. घेऊन जा." मला त्या दिवशी तुमची लाज वाटली. मला वाटलं, जे येत नाही ते रात्रीत शिकून सकाळी करून द्यायचं, त्यात काय अवघड आहे. मी तेव्हापासून तसाच आहे. जे येत नव्हतं ते मी कुठे कुठे शोधून, वाचून, बघून, बिघडवून शिकलो. रंग जुळवणं, लेझरनं सांगाडा मोजणं, प्लास्टिकचे बंपर जोडणं, एकाही कोर्सला न जाता. इथे माझ्या शेडच्या दारावर पाटी आहे, तिच्यावर दुकानाच्या नावाखाली इंग्रजीत लिहिलंय, स्वतः शिकलेला कारागीर. गिऱ्हाईक विचारतं, कुठे शिकलास? मी पाटीकडे बोट करतो. लोकांना ते आवडतं. "फेअर प्ले टू यू," म्हणतात, म्हणजे शाबास तुझी.

तुमच्या दुकानाची एक रीत होती, आणि तिच्यावरूनच आपलं बिनसलं. दुकानात चार हात काम करायचे, पण गिऱ्हाईकानं विचारलं, हे कुणी केलं, तर उत्तर एकच. मिस्त्रीनं. मी तीन दिवस घासून एखादं दार आरशासारखं करायचो, मालक त्याच्यावरून हात फिरवून म्हणायचा, मिस्त्री, तुमचा हात म्हंजे हात, आणि तुम्ही नुसती मान हलवायचात. मी आतल्या आत दात खायचो. आणि काही बिघडलं तरी तसंच. डॉक्टरांच्या फियाटचं बॉनेट मी जास्त तापवलं होतं, आठवतं? मधोमध खड्डा पडला, पत्रा पातळ झाला. डॉक्टर आले. मी कोपऱ्यात उभा. तुम्ही गॉगल कपाळावर चढवून म्हणालात, "डॉक्टर, माझ्या हातनं बिघडलं. आठ दिवस द्या." डॉक्टर गेले. तुम्ही मला काही बोलला नाहीत, आणि मला तेही लागलं. मला वाटलं, या माणसाला माझी चूकसुद्धा माझ्या नावावर राहू द्यायची नाही. वर्षभरानं एकदा मी तोंड उघडलंच. म्हटलं, मी केलेलं काम माझं म्हणून सांगत चला. तुम्ही हातोडीचा दांडा ओल्या कापडानं पुसत होता. म्हणालात, "सांगतो की. बिघडलेलं पण सांगू का तुझं म्हणून?" बाकीचे हसले. ते हसणं मला सोसलं नाही. त्याच्या पुढच्या महिन्यात मी पुण्यातल्या एका मोठ्या गॅरेजात जागा बघितली.

आता माझ्या दुकानात माझ्याशिवाय एक माणूस आहे. ब्राझीलचा, गॉर्टला राहतो, इथून अर्ध्या तासावर. त्या गावात ब्राझीलची पुष्कळ माणसं आहेत, मांसाच्या कारखान्यात कामाला म्हणून आली आणि राहिली. हा माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा आहे, तिकडे वीस वर्षं बसगाड्यांची अंगं ठोकायचा. त्याचं इंग्रजी माझ्याहून वाईट आणि माझं त्याच्याहून हट्टी. पण पत्र्यापाशी उभे राहिलो की बोलायला लागत नाही. तोही तळहात फिरवतो. तोही डोळे मिटतो. पहिल्या दिवशी ते बघून मी बाहेर जाऊन उगाच गेटला तेल घालत बसलो होतो.

ॲल्युमिनियम येणार हे मी कधीचं ओळखलं होतं. इथल्या रोजच्या पिकअप अजून पोलादाच्याच आहेत, पण अमेरिकेहून कुणी ना कुणी गाडी आणतो, आणि आज तिकडे जे आहे ते उद्या इकडे येणार. म्हणून मी शेडचा एक कोपरा जाड पडद्यानं वेगळा केला. त्यात वेगळ्या हातोड्या, वेगळ्या कानशी, वेगळे घासकागद. लोखंडाला लागलेली कानस ॲल्युमिनियमला लावली तर लोखंडाचा कण त्यात रुततो आणि वर्षभरानं रंगाखाली फोड येतात. तुम्ही मला निघताना दिलेली हातोडी, बाभळीच्या दांड्याची, तीही मी पडद्याच्या आत नेत नाही. बाहेरच्या भिंतीवर आहे. रोज वापरतो, पण पोलादावरच. पडद्याच्या आतल्या सगळ्याची मी यादी करून लावली आहे, कुठलं हत्यार कुठल्या खिळ्यावर. ब्राझीलवाला म्हणतो, बॉस, हे गॅरेज नाही, हे ऑपरेशन थिएटर आहे. मी म्हणतो, मग हात धुऊन ये.

मार्चमध्ये ती गाडी आली. तिचा मालक बॉस्टनमध्ये तीस वर्षं घरं बांधून म्हातारपणी गावी परतलेला, आणि येताना पिकअप बोटीत घालून आणलेली. फाटकाच्या दगडी खांबाला हौद्याची बाजू घासून, मागच्या चाकाच्या वर हातभर पोचा पडला होता. दहा दिवसांनी सेंट पॅट्रिकची, म्हणजे इथल्या सगळ्यात मोठ्या सणाची मिरवणूक, आणि गावातल्या मुलींच्या खेळाचा संघ सजवलेल्या गाड्यावर बसून निघणार, आणि तो गाडा ही पिकअप ओढणार. नवा पत्रा अमेरिकेहून यायला दोन महिने. त्यानं हौद्यावर टिचकी मारली. "ही बिअरच्या कॅनची केलीय, माहितीय ना? जमेल तुला?" मी म्हटलं, जमेल. "कुठे शिकलास हे?" मी दाराकडे बोट केलं. त्यानं पाटी वाचली आणि माझ्या पाठीवर थाप मारली.

खरं सांगायचं तर तोवर मी तापवून एकही ॲल्युमिनियमचा पत्रा सरळ केलेला नव्हता. बघितलं मात्र सगळं होतं. लाल होत नाही हे मला पाठ होतं, ब्राझीलवाल्याला मी ते दोनदा ऐकवलंही होतं, जसं काही मीच शोधून काढलंय. त्यासाठी मी उष्णता मोजायची बंदूक घेतली होती. लांबून रोखायची, घोडा दाबायचा, मागे आकडा दिसतो. आम्ही पोच्यावरचा रंग घासून काढला, पत्रा चांदीसारखा चमकायला लागला. तो ज्योत फिरवत होता, मी बंदूक रोखून उभा. मागून ओढायच्या आधी पत्रा पुरेसा तापून मऊ व्हायला हवा. आकडा नव्वदला अडकला. मी म्हटलं, अजून दे. त्यानं दिलं. तो म्हणाला, "बॉस, पुरे. कडेच्या रंगाचा वास येतोय." मी बंदूक त्याच्यासमोर धरली. नव्वद. तो म्हणाला, "तुझी बंदूक खोटं बोलतेय." मी म्हटलं, "बंदूक खोटं बोलत नाही. अजून दे." त्यानं माझ्याकडे एकदा बघितलं आणि दिलं. आवाजसुद्धा झाला नाही, मिस्त्री. पत्रा जरा ओला झाल्यासारखा दिसला, आणि तळहाताएवढा तुकडा आत पडला. भोकातून पलीकडचा दिवा दिसत होता.

त्यानं गॅस बंद केला, नळी गुंडाळली आणि माझ्याकडे न बघता हात धुवायला गेला. मी बंदुकीचा डबा काढला. डबे मी टाकत नाही. आतला कागद तसाच घडीत होता. तिसऱ्या पानावर बारीक अक्षरांत लिहिलं होतं की चकचकीत धातूवर ही बंदूक कमी आकडा दाखवते, आधी काळी पट्टी चिकटवावी. मी पहिलं पान वाचलं होतं. पहिल्या पानावर बॅटरी कशी घालायची ते होतं.

संध्याकाळी मालक आला. त्यानं भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "हे कसं झालं?" ब्राझीलवाला पडद्याशी उभा होता, हातात फडकं. आणि मी म्हटलं, "आमच्या माणसाकडून जरा जास्त तापलं." एवढंच म्हटलं. त्यातला एक शब्दही खोटा नव्हता, ज्योत त्याच्याच हातात होती. मालक त्याच्याकडे बघून मला म्हणाला, "युअर मॅन देअर, त्याला परत माझ्या गाडीजवळ येऊ देऊ नकोस." इथे युअर मॅन म्हणजे तो माणूस, तिऱ्हाईत, कुणीही. ब्राझीलवाल्यानं फडक्याची घडी घातली आणि ते खिळ्यावर, यादीप्रमाणे, त्याच्या जागी टांगलं. त्यानंतर त्या गोष्टीचा उल्लेख त्यानं आजपर्यंत केलेला नाही. मिरवणुकीत गाडा ट्रॅक्टरनं ओढला. मे महिन्यात पत्रा आला तेव्हा तो आम्ही दोघांनी चिकटवून, रिबिटं मारून बसवला. रिबिटं सगळी त्यानं मारली. मालकाला मी ते सांगितलं नाही.

हे मी तुम्हाला आज का लिहितोय, तर या सोमवारी त्यानं मला सांगितलं की लिमरिकला एका मोठ्या बॉडीशॉपमध्ये ॲल्युमिनियमचा वेगळा विभाग निघतोय, त्यांना माणूस हवाय, आणि त्याच्याबद्दल विचारायला त्यानं माझं नाव दिलंय, ते फोन करतील. त्याला ती जागा फार हवी आहे. मोठं दुकान, कंपनीचं रीतसर शिक्षण, हातात प्रमाणपत्र. त्याच्याकडे वीस वर्षांचं काम आहे आणि कागद एकही नाही. म्हणाला, "या वयात एकदा कुणीतरी लिहून द्यावं की मला येतं." बुधवारी फोन आला. तिथला मॅनेजर सभ्यपणे बोलला, आणि मग म्हणाला, "एक विचारू का? तुमच्या क्लेअर जिल्ह्यात कुणीतरी एक हौदा जाळला म्हणतात, तो हाच का?" इथे सगळे सगळ्यांना ओळखतात, मिस्त्री. तो पिकअपवाला या मॅनेजरच्या मेव्हण्याचा शेजारी निघाला. मी म्हटलं, दुकानात गिऱ्हाईक आलंय, मी नंतर फोन करतो. दुकानात कुणी नव्हतं. बाहेर पाऊस होता आणि कुरणात मेंढ्या.

दोन दिवस मी तो फोन केला नाही. बायकोला सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं, मार्चपासूनचं, आणि म्हणाली, "म्हणजे खरं सांगितलं तर तो जाणार, आणि नाही सांगितलं तर तुझ्याकडेच राहणार. बरोबर ना?" मी म्हटलं, तसं नाही ते. ती म्हणाली, "मग कसं आहे?" मी तिला बंदुकीबद्दल, चमकदार पत्र्याबद्दल, तिसऱ्या पानाबद्दल समजावायला लागलो. ती भाजी चिरत होती, चिरत राहिली. मी थांबल्यावर म्हणाली, "तो नसला तर पडद्याच्या आतलं काम तुला येतं का?" मी बाहेर येऊन गाडीत बसलो. येत नाही. ती यादी माझी, ती हत्यारं माझी, पण त्या कोपऱ्यात आजवर जे नीट झालंय ते त्याच्या हातचं आहे. तो गेला की मी पुन्हा गंज कापणारा माणूस, आणि गंजाचे दिवस मोजलेले आहेत. हे सगळं मला बुधवारी फोन ठेवला तेव्हाच माहीत होतं. म्हणून गिऱ्हाईक आलं होतं.

आज शुक्रवार. दुपारी जेवण झाल्यावर मी लिमरिकला फोन केला. मॅनेजरला म्हटलं, तो पत्रा मी जाळला. ज्योत त्याच्या हातात होती, पण तो पुरे म्हणाला होता, दोनदा, आणि मी अजून दे म्हटलं. माझं मोजायचं यंत्र चुकीचं वापरत होतो मी. मग तो म्हणाला, "यंत्राशिवाय त्याला कळलं होतं?" मी म्हटलं, हो, वासावरून. "मग तुझ्यापेक्षा त्याला जास्त येतं तर." मिस्त्री, तो चेष्टेनं नव्हता बोलत, तो नोंद करून घेत होता. मी म्हटलं, हो. माझ्यापेक्षा जास्त येतं. मग पिकअपच्या मालकालाही फोन केला. तो म्हणाला, "बरं केलंस सांगितलंस," आणि पुढे बराच वेळ पावसाबद्दल बोलत राहिला, जे इथे लोक अवघडल्यावर बोलतात.

आता सहा वाजलेत. बाहेर अजून लख्ख उजेड आहे, इथे या दिवसांत तो दहापर्यंत जात नाही. तुमच्या दुकानाच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे असं ऐकलं. काकूही गेल्या. हे पत्र कुठे टाकायचं म्हटलं तरी जागा नाही, आणि तुम्ही गेलात हे मला पुण्यात दहा दिवसांनी कळलं होतं, तेव्हाही मी आलो नव्हतो. काम होतं, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

ब्राझीलवाल्याला लिमरिकचा फोन साडेतीनला आला. पुढच्या महिन्यापासून ये म्हणाले. तो माझ्याकडे आला. "काय सांगितलंस त्यांना?" म्हटलं, झालं ते सांगितलं. त्यानं मान हलवली. मग म्हणाला, "मी गेलो तर तुझी अडचण होईल ना?" मी म्हटलं, नाही रे, ग्रँड. पाच वाजता तो दारात बसून कामाचे बूट काढत होता, रोज काढतो तसेच, पण आज जरा हळू. राहा म्हणायला एवढाच वेळ होता. मी उठलो आणि कॉम्प्रेसर चालू केला. हवा लागेल असं काही काम नव्हतं. आवाजात तो काहीतरी म्हणाला, हात वर केला, आणि गेला.

मी तुमच्याकडून निघालो तो दिवस शनिवार होता. हातोडी तुम्ही आदल्या दिवशीच दिली होती, एका जुन्या बनियनमध्ये गुंडाळून. मी येतो म्हटलं. तुम्ही "जा" म्हणालात, मान वर न करता, आणि पुढ्यातलं मडगार्ड ठोकायला लागलात. मी दारात चपला घालायला मुद्दाम वेळ लावला. हाक मारली असती तर राहिलो असतो. वळणापर्यंत तुमची हातोडी ऐकू येत होती. पुढे पंचवीस वर्षं मी लोकांना सांगत आलो की माझ्या मिस्त्रीनं मी निघालो तर कामातून डोकंसुद्धा वर काढलं नाही. पण ते मडगार्ड सकाळी मीच पुरं केलं होतं. त्यात ठोकण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि वळणावर उभा राहून ऐकत होतो तेव्हाही मला ते माहीत होतं.